चौदावा घाणा

चौदाव्या घाण्याचे पाणीही जांभळेच निघाले.

घरात सगळे जिला चिमटी म्हणत, तिने उभ्या काचनळीखालचा पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तेराव्या वेळी जे पाहिले होते तेच पुन्हा पाहिले. नळीत हातभर उंचीचा काळा रवा भरलेला होता. वरून रंगाई कारखान्याचे सांडपाणी ओतायचे, रव्याने त्यातला रंग धरून ठेवायचा आणि खाली स्वच्छ पाणी सोडायचे, एवढेच त्याचे काम. पहिल्या अकरा घाण्यांच्या रव्याने ते इतके चोख केले होते की काकांनी खाली उतरलेल्या पाण्याचा पेला एकदा चुकून तोंडाला लावला होता. बाराव्या घाण्यापासून रव्याने काम सोडले होते, आणि का सोडले ते कोणालाच कळत नव्हते.

तो रवा कोणालाही नको असलेल्या प्लास्टिकचा होता. पिशव्या, झाकणे, वेष्टने, फुटक्या बादल्यांचे तुकडे, जे काही गाडीतून येईल ते. त्याचा चुरा करायचा, त्यात तीव्र अल्कली मिसळायची आणि हवा न लागू देता बंद भट्टीत तापवायचे. प्लास्टिकचा कोळसा होत असताना अल्कली त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पाडते. रंग त्या छिद्रांत जाऊन बसतो. चिमटीने यावर दोन वर्षे घालवली होती. लहानपणी ती मुंग्यासुद्धा चिमट्याने उचलून वेगवेगळ्या करीत असे, म्हणून हे नाव पडले होते. रसायनशास्त्राची पदवी मिळाल्यावरही ते कोणी काढून घेतले नव्हते.

दुपारी चार वाजता रंगाई कारखान्याचे व्यवस्थापक करारावर सह्या करायला येणार होते. कराराचे दुसरे कलम तिच्याच शब्दांत होते: ‘कोणत्याही प्रकारे न निवडलेला मिश्र प्लास्टिक कचरा.’ सगळा करार या सात शब्दांवर उभा होता. निवड नको म्हणून कारखाना तयार झाला होता. निवड नको म्हणून घरच्या भंगार-वखारीतले निवडीचे टेबल महिनाअखेर हलणार होते, त्या जागी दोन भट्ट्या बसणार होत्या, आणि आत्या व तिच्या हाताखालच्या सहा जणी घरी बसणार होत्या.

बारावा आणि तेरावा घाणा कारखान्याच्या आवारातल्या नव्या भट्टीत लावला होता, तेव्हा पहिला संशय भट्टीवर गेला. म्हणून चौदावा तिने मुद्दाम घरच्या जुन्या भट्टीत लावला. कचरा मात्र त्या दोन घाण्यांसारखाच, नगरपालिकेच्या गाडीतून थेट भट्टीच्या तोंडाशी उतरवलेला. आता हातात पेला होता आणि पेल्यात जांभळे पाणी होते. भट्टी निर्दोष सुटली.

“काय गं?” बाबा दारातूनच म्हणाले. उत्तर ठाऊक असले की ते आत येत नसत.

“जांभळं.”

“जरा फिकट तरी?”

“बाबा, फिकट जांभळं म्हणजे जांभळंच.”

ते उंबऱ्यावरूनच वळले. “काकाला सांगायला हवं.”

“सगळ्यांनाच सांगते. टेबलाशी बोलवा.”

या घरात महत्त्वाची गोष्ट बसायच्या खोलीत कधी ठरली नव्हती. आजोबांनी वखार सुरू केली तेव्हा पाडलेल्या घराचे एक दार विकत घेऊन त्याला पाय ठोकले, आणि तेच निवडीचे टेबल झाले. वाटण्या, सोयरिकी, काकांचे शाळा सोडणे आणि चिमटीचे शाळा न सोडणे, सगळे त्या दाराभोवती उभे राहून ठरले होते. हात कामात असले की तोंड ताळ्यावर राहते, असे आजोबा म्हणत. आज सुट्टी होती, सहाही जणी नव्हत्या, आणि टेबल पुसून कोरडे केलेले होते.

काका आले ते इस्त्रीच्या सदऱ्यात. चार वाजायला साडेपाच तास होते. काकू शाळेत गणित शिकवीत. त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत घेऊनच आल्या, कारण या घरातल्या बैठका किती लांबतात हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. आत्या सर्वांत मोठी. ती आपल्या ठरलेल्या जागी, टेबलाच्या डोक्याशी, आधीच उभी होती.

चिमटीने एक छोटे पोते आणून टेबलाच्या मधोमध ओतले. रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग झाला. “हा चौदाव्या घाण्याच्या कचऱ्याचा नमुना. थेट गाडीतला. कोणी हात न लावलेला. बोलताना लागला तर यातूनच तपासू.”

“तपासायचं काय आता?” काका म्हणाले. “एखादा घाणा बिघडतो. घरात भाकरीसुद्धा रोज एकसारखी फुगत नाही.”

“एक नाही, लागोपाठ तीन.”

“आणि अकरा चांगले निघाले ते? अकरा विरुद्ध तीन. मतदान घेतलं तर तूच जिंकतेस.”

“निसर्ग मतदान घेत नाही, काका.”

“ताई, ऐक हिचं,” काका आत्याकडे वळले. “हिला स्वतःचंच पटत नाही. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर आत्तापर्यंत स्वतःची पाटी लावून बसली असती.”

आत्या ढिगातला एक तुकडा नखाने टिचकी मारून ऐकत होती. कडक वाजला की एका जातीचा, बद्द वाजला की दुसऱ्या. पन्नास वर्षे ती अशीच ऐकत आली होती.

चिमटीने दोन परीक्षानळ्या पुढे ठेवल्या. प्रत्येक घाण्याचा न धुतलेला मूठभर रवा ती राखून ठेवी. एका नळीत सातव्या घाण्याच्या रव्यातून गाळलेले पाणी होते, दुसरीत चौदाव्याच्या. दोन्हींतली अल्कली तिने आधीच मारून घेतली होती. तिने दोन्हींत क्लोरिन ओळखणाऱ्या रुप्याच्या क्षाराचे तीन-तीन थेंब टाकले. सातव्याचे पाणी जेमतेम धुरकटले. चौदाव्याचे बघता बघता दुधासारखे पांढरे झाले.

“हिरवं,” बाबा हळूच म्हणाले.

या घरात एका जातीच्या प्लास्टिकला हिरवे म्हणत, मग त्याचा रंग कोणताही असो. पाण्याचे पाईप, वायरींची कवचे, नकली चामडे. आजोबा तांब्याची तार लाल करून अशा तुकड्याला टेकवीत आणि पुन्हा ज्योतीत धरीत. ज्योत हिरवी झाली की तुकडा बाहेर. त्या प्लास्टिकात क्लोरिन असते, हे कारण घरात दोन पिढ्यांनंतर आले. नाव आधीपासून होते.

“हिरवंच,” चिमटी म्हणाली. “तापलं की त्यातून आम्ल निघतं. ते आम्ल माझी अल्कली खाऊन टाकतं, छिद्रं पाडायला काही उरतच नाही. कारखान्याची भट्टीही गंजायला लागलीय, मी काल पाहिलं. तर प्रश्न असा. गाडी तीच, गल्ल्या त्याच, कचरा तोच. मग पहिल्या अकरा घाण्यांत हिरवं का नव्हतं? फरक एकच आहे. तो कचरा भट्टीत जाण्याआधी दोन-तीन दिवस आपल्या आवारात पडून होता.”

“दोन दिवसांत प्लास्टिक काय मुरतं?” काका म्हणाले.

“मुरत नाही. कोणीतरी वेचतं.”

सर्वांनी आत्याकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघता? हो, वेचते मी.”

“मी पाटी लावली होती,” चिमटी म्हणाली. “‘हात लावू नये.’”

“वाचली. अक्षर छान आहे. पाटीच्या पायाशीच पाईपचा एक लांबोडा तुकडा पडला होता. तो काय तसाच ठेवू?”

“हो, आत्या. तसाच ठेवायचा होता.”

“आणि तुझी भट्टी खराब होऊ देऊ?”

चिमटीने पेन टेबलावर आडवे ठेवले. तिचा आवाज चढला नाही. तो अधिक स्पष्ट झाला, आणि घरातल्यांना त्याचीच धास्ती वाटे. “त्या अकरा घाण्यांच्या आकड्यांवर मी परिषदेत निबंध वाचला. दोनशे लोकांसमोर ‘न निवडलेला कचरा’ म्हणाले. तू मला खोटं बोलायला लावलंस.”

“मला वाटलं, तू आमची निवड नको म्हणतेस ती तोऱ्यात. शिकलेल्यांना येतो थोडा. म्हटलं, पोर बोलते ते बोलू दे, आपण दोन तुकडे काढून टाकावे.” आत्याने चष्मा वर सरकवला. “तुझ्या विरुद्ध नाही काढले. तुझ्यासाठी काढले.”

दोन वर्षांत तिने तापमान, वेळ, अल्कलीचे प्रमाण, चुऱ्याचा आकार, सगळे मोजले होते. माया मोजायला हवी हे तिला सुचले नव्हते.

काकांनी संधी साधली. “झालं तर मग. उत्तर सापडलं. कलम आहे तसं राहू दे, सह्या होऊ देत. पुढे कारखान्यात दोन बायका नेमू, त्या गुपचूप वेचतील. कोणाला काय कळतंय?”

“मला कळतंय.”

“दादा, तू तरी सांग हिला.”

बाबांनी घसा साफ केला. चिमटीला त्यांच्या आधाराची खात्री होती; सकाळी तेच म्हणाले होते, सांगायला हवं. “मी म्हणतो,” ते म्हणाले, “आज सह्या झाल्या तर काय बिघडलं? दुरुस्ती नंतरही करता येते. दोन वर्षं गेली आहेत तुझी.”

तिने वडिलांकडे पाहिले आणि नजर परत ढिगाकडे वळवली. बाजू बदलायला त्यांना जेमतेम एक तास लागला होता. तेही तिच्यासाठीच, आज सगळेच सारे काही तिच्यासाठीच करीत होते.

“उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर मी अर्धे गुण देते,” काकू उत्तरपत्रिकेवरून मान न उचलता म्हणाल्या. “रीत लपवली असेल तर शून्य.”

“तू माझ्या बाजूची होतीस ना?” काका म्हणाले.

“अकरा वाजेपर्यंत होते.”

काका पुन्हा बोलू लागले तेव्हा आवाजातली इस्त्री उतरली होती. “मला काय मिळवायचंय यात? तीन पिढ्या आपण दुसऱ्यांच्या कचऱ्यात हात घालतोय. शाळेत मला वास्या म्हणायचे, ठाऊक आहे? अंगाला वास येतो म्हणून. हे टेबल एकदा हलावं एवढंच होतं मनात. ताईची बोटं बघा. हिवाळ्यात पोलक्याची गुंडी लावता येत नाही तिला.”

“माझ्या बोटांचं मी बघते,” आत्या म्हणाली, पण त्याच्या हातावर क्षणभर हात ठेवून. मग तिचा हात पुन्हा टेबलावर गेला. “एक गोष्ट मात्र मला उमगत नाही. माझे गुडघे हे असे. ढिगापर्यंत मी आठवड्यातून दोनदा जाते. काढून काढून किती काढणार?”

“किती काढतेस?” चिमटीने विचारले.

“असेल किलोभर एका वेळी.”

चिमटीने वही ओढली. एका घाण्याला पाचशे किलो कचरा लागे. या तीन घाण्यांच्या हिशेबाने त्यात पंचवीस किलोच्या आसपास हिरवे असायला हवे. चांगल्या अकरा घाण्यांत ते जवळजवळ नव्हतेच. “दोन किलो तुझे धरू. मग उरलेलं वीस-बावीस किलो कोणी काढलं?”

बाबांनी हातातले झाकण सुलटे करून ठेवले.

“सकाळी फाटक उघडतो ना,” बाबा म्हणाले, “तेव्हा चहा होईस्तोवर जरा. पाच-दहा तुकडे. फार नाही.”

“रोज?”

“रोजच चहा होतो.”

“काका?”

“मी नाही बुवा. मी आवारात फोनवर असतो.”

“एका हातात फोन असतो,” काकू म्हणाल्या. “दुसरा मोकळा असतो. दर धुण्याला यांच्या खिशातून वायरीची कवचं निघतात.”

“आणि तू? शाळेतून येताना ढिगाला वळसा घालून येतेस, ती काय वाऱ्यासाठी?”

“मी फक्त वाटेत पडलेलं उचलते,” काकू म्हणाल्या. “लग्न होऊन आले त्या दिवशी सासऱ्यांनी सांगितलं होतं, ढिगावरून जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. हिरवं दिसलं की पिंपात. कोणी ते रद्द केल्याचं मला माहीत नाही.”

चिमटीने वहीत चार नावांपुढे चार खुणा केल्या. तिला राग यायला हवा होता; त्याऐवजी कोडे सुटत आल्यावर येतो तो कोरडा हुरूप येत होता. “म्हणजे मी सोडून सगळ्यांनी,” ती म्हणाली. “ठीक. आता नेमकं प्रमाण काढू. या नमुन्यात हिरवं किती टक्के आहे ते वजन करून बघू, म्हणजे—”

ती थांबली.

टेबलाच्या मधोमध ढीग नव्हता. आत्यापुढे पिशव्यांची घडी घातलेली चळत होती. बाबांपुढे झाकणे होती, काकांपुढे कडक तुकडे, काकूंच्या गठ्ठ्याशेजारी पारदर्शक बाटल्यांचे कपचे. जेमतेम तासाभरात, बोलता बोलता, कोणी हात न लावलेला नमुना पाच हातांनी संपवला होता.

पाच. तिच्या स्वतःपुढे, टेबलाच्या कडेशी समांतर, हिरव्याचे नऊ तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावलेले होते. आकारानुसार ओळ लावायची सवय या घरात एकट्या तिला होती. उजव्या हातात पेन होते. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दहावा तुकडा होता, वायरीच्या कवचाचा, ओळीत कुठे बसतो ते पाहण्यासाठी उचललेला.

कोणी हसले नाही. त्यासाठी ती पुढे बरीच वर्षे त्यांची ऋणी राहिली.

तिला आठवले, ती दर सकाळी घाणा लावण्याआधी ढिगाची पाहणी करायला जाई. पाहणी म्हणजे काय करते, हे तिने कधी पाहिले नव्हते.

“ठेव तो खाली,” आत्या शेवटी म्हणाली. “मोठ्याच्या अलीकडे बसेल.”

चिमटीने तो तिथे ठेवला. मग वहीत पाचवे नाव लिहून त्यापुढे खूण केली.

व्यवस्थापक चारला पाच मिनिटे असताना आले. उंच, नीटनेटके गृहस्थ. रुमालाने खुर्ची पुसून बसणारे. कराराच्या प्रती त्यांनी पेटीतून काढल्या. चिमटी बोलायला उभी राहिली, पण काका आधी बोलले.

“साहेब, सही नंतर. आधी आमच्या मुलीचं ऐकून घ्या.” आणि ते खिशात हात घालून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथे बाहेर बघण्यासारखे काही नव्हते.

तिने सगळे सांगितले. क्रमाने, काही न वगळता. टेबलावरच्या नऊ तुकड्यांचे आणि दहाव्याचेही. व्यवस्थापक कपाळाला आठी घालून ऐकत राहिले.

“म्हणजे तुमची पद्धत चालत नाही,” ते म्हणाले.

“चालते. तिची पहिली पायरी मी लिहिलीच नव्हती. हिरवं वेचून काढायचं, ही ती पायरी. बाकीचं मिश्र असलं तरी चालतं, हे अजूनही खरं आहे असं मला वाटतं.”

“वाटतं?”

“आजपासून वाटतं. कालपर्यंत खात्री होती.”

त्यांनी प्रती पुन्हा पेटीत ठेवल्या. काकांच्या पाठीत काहीतरी खचल्यासारखे दिसले. “आज सही होणार नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “कारखान्याला निवड नको होती, म्हणून आम्ही इथवर आलो. निवड हवी असेल तर सगळा विचार नव्यानं.” ते उठले, पण निघाले नाहीत. “माझी भट्टी गंजतेय हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं?”

“साधारण पावसाळ्यानंतर,” चिमटी म्हणाली. “तळ फुटल्यावर.”

“हं.” ते पुन्हा बसले. या वेळी खुर्ची न पुसता. “वेचायला माणसं तयार व्हायला किती दिवस लागतात?”

“शिकायला पंधरा दिवस,” आत्या म्हणाली. “विसरायला किती ते अजून कोणाला कळलेलं नाही.”

शेवटी ठरले ते एवढेच: आणखी दोन घाणे, एकाच गाडीतल्या कचऱ्याचे, दोन्ही घरच्या भट्टीत. पंधरावा आत्याच्या टेबलावरून निवडून. सोळावा जसा आला तसा, तुलनेसाठी. दोन्हींचे पाणी कारखान्याने स्वतः तपासायचे आणि मगच बोलायचे. टेबल तोवर जागच्या जागी.

सोळाव्याचा कचरा कुठे ठेवायचा, यावर थोडी चर्चा झाली. बाबा म्हणाले, माझ्या खोलीत. काकू म्हणाल्या, मुळीच नको. अखेर पोत्यांची तोंडे शिवून मागच्या कोठीत ठेवायचे ठरले. दुसऱ्या दिवशी गाडी आली, पोती भरली, शिवली, कोठीला कुलूप लागले आणि किल्ली चिमटीने आपल्या हाताने व्यवस्थापकांना दिली. घरात ती सोपवावी असे विश्वासाचे माणूस नव्हते, आणि त्या यादीत तिने स्वतःला पहिले धरले होते.

कुलूप लागण्याआधी आत्या दाराशी आली होती. शेवटचे पोते, नमुन्याचे, आत ओढले जात होते. तिने ते उघडले नाही. बाहेरून दोन्ही तळहात टेकवले, एकदा दाबले, एकदा हलवून आवाज ऐकला.

“एकोणीस,” ती म्हणाली.

“काय एकोणीस?”

“हिरवी. मोठा एक पाईप आहे तळाशी. बाकी बारीक.”

चिमटीच्या ओठांवर आले होते की पोत्याबाहेरून हे कळणे शक्य नाही. पण वही उघडून तिने तारीख घातली, पोत्याचा क्रमांक घातला आणि लिहिले: आत्याचा अंदाज, एकोणीस. त्याखाली मोजून आलेल्या आकड्यासाठी तिने एक ओळ कोरी सोडली.